९१२ यांचा शेवटचा डाव

जूनमधल्या एका मंगळवारी रात्री पावणेबारा वाजता डोंबिवलीतले एक गृहस्थ ९१२ होते. साडेबाराला ते ८७२ झाले.

मधल्या पाऊण तासाची हकीकत थोडक्यात अशी. झोपण्यापूर्वी एकच डाव, असं म्हणून त्यांनी फोनवर बुद्धिबळ उघडलं आणि तो डाव हरले. हरून झोपलं तर झोप लागत नाही, म्हणून दुसरा खेळले; तो पहिल्याच्या रागात हरले. तिसरा भरपाई म्हणून खेळले, चौथा तिसऱ्याची भरपाई म्हणून. पाचव्या डावाला निमित्त शोधायचीही तसदी घेतली नाही. दर डावाला आठ गुण गेले. पलीकडून बायकोचा आवाज आला, "अहो, झालं का?"

"हा शेवटचा."

हे उत्तर त्या घरात पाच वर्षं रोज रात्री दिलं जातं आणि त्यावर कुणाचाही विश्वास नाही, देणाऱ्याचाही नाही.

गृहस्थांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही. जलद ऑनलाइन बुद्धिबळाचा नाद लागलेल्या माणसाला नाव उरत नाही, आकडा उरतो. तेव्हा इथे त्यांचा उल्लेख त्या त्या वेळच्या रेटिंगने केलेला आहे. वाचताना गोंधळ उडाला तर उडू द्या. त्यांच्या घरच्यांचाही उडतो.

हा आकडा माणसांना चिकटवण्याचं मूळ श्रेय आर्पाद एलो यांचं. जन्म हंगेरीतला, नोकरी अमेरिकेत मिलवॉकीला पदार्थविज्ञान शिकवण्याची. त्यांची पद्धत जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० साली स्वीकारली, आणि आज फोनवर दिसणारे आकडे त्याच घराण्यातले आहेत. हिशेब सरळ आहे: तुमच्यापेक्षा समोरच्याचं रेटिंग दोनशेने जास्त असेल, तर शंभर डावांत त्याने साधारण ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा. खुद्द एलोसाहेबांना आपल्या मोजमापाबद्दल फारसा भ्रम नव्हता. खवळलेल्या पाण्यावर वरखाली होणारं बूच, वाऱ्यावर हेलकावणाऱ्या दोरीला बांधलेल्या मोजपट्टीने मोजायचं, अशी उपमा त्यांनीच दिली होती. ८७२ यांनी ही उपमा वाचली आणि त्यांना फार बरं वाटलं. म्हणजे आपण हरलो नाही, मोजपट्टी हलली.

पण या हिशेबात एक मेख आहे, आणि बँकेच्या वसुली विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला ती दिसायला पाच वर्षं लागली. फोन तुमच्या बरोबरीचाच माणूस शोधून देतो. त्यामुळे निम्मे डाव हरायचे, हे ठरलेलंच. तुम्ही सुधारलात तर बक्षीस म्हणून जास्त चांगला माणूस समोर बसवतात आणि तो पुन्हा निम्मे डाव हरवतो. थकबाकीदाराने हप्ता भरला की कर्जच वाढवायचं, अशी योजना त्यांच्या बँकेनेही आजवर काढलेली नाही.

गृहस्थ मूळचे सांगलीचे. हे ते पहिल्या दोन मिनिटांत सांगतात. भाऊसाहेब पडसलगीकरांची सांगली, नूतन बुद्धिबळ मंडळाची सांगली, जिथे आख्खा उन्हाळा स्पर्धा चालायच्या ती सांगली. तिथल्या पाण्यातच बुद्धिबळ आहे, असं त्यांचं म्हणणं. लहानपणी त्यांनी ते पाणी प्यायलं, पण मंडळाच्या दारातून वाकून पाहण्यापलीकडे खेळाशी संबंध आला नाही. मग २०२० साल आलं. सगळे घरात कोंडलेले. ऑक्टोबरात 'द क्वीन्स गॅम्बिट' ही मालिका आली. तिकडे समय रैना नावाचा विनोदी कलाकार नाशिकच्या विदित गुजराथीला शेजारी बसवून बुद्धिबळाचं थेट प्रक्षेपण करू लागला. आणि ज्यांनी वीस वर्षांत पट मांडला नव्हता अशा हजारो सद्गृहस्थांनी फोनवर खाती उघडली. आपले गृहस्थ त्यांतलेच. खातं उघडताना साइटने विचारलं, तुमची पातळी कोणती? त्यांनी 'प्रगत' वर बोट ठेवलं. सांगलीचा मान होता.

त्यांचा आवडता प्रकार म्हणजे तीन अधिक दोन. प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि दर खेळीला वर दोन सेकंद. हे वरचे सेकंद देणाऱ्या घड्याळाचं पेटंट बॉबी फिशरच्या नावावर होतं. त्यासाठी त्याने १९८८ साली अर्ज केला होता. आता गणित करा. चाळीस खेळ्यांचा डाव धरला तर एका खेळीच्या वाट्याला साडेसहा सेकंद येतात. या साडेसहा सेकंदांत शह आहे का ते पाहायचं, काही मारता येतं का ते पाहायचं, समोरच्याच्या मनात काय आहे ते पाहायचं आणि "अहो, दूध बघा" हेही ऐकायचं. दूध उतू जातं आणि त्याच सुमारास उंटही जातो.

वेळ वाचवायचा म्हणून त्यांनी लंडन पद्धत धरली. नोकरदार वर्गात ही फार लोकप्रिय आहे, कारण समोरच्याने काहीही केलं तरी आपण आपली तीच मांडणी करत राहायचं: वजिरापुढचं प्यादं दोन घरं, मग उंट बाहेर, मग बाकीची मंडळी. सरकारी अर्जासारखी. मग त्यांना प्रीमूव्हचा शोध लागला. समोरचा विचार करत असतानाच आपली पुढची खेळी आधीच सांगून ठेवायची. त्याची पाळी संपली की ती आपोआप होते. उंट ठरलेलाच आहे, तर वाट कशाला पाहायची? त्यांनी पहिलं प्यादं टाकलं आणि उंट प्रीमूव्हवर पाठवून दिला. समोरच्याने दुसऱ्या बाजूचं, राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सारलं. उंट ठरल्या वेळी, ठरल्या जागी, थेट त्या प्याद्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. आमंत्रण रद्द झालेलं न कळलेला पाहुणा जसा पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहतो, तसा. समोरच्याच्या त्या सुरुवातीला फ्रिट्झ एंग्लुंड या स्वीडिश खेळाडूचं नाव आहे. लंडनला एंग्लुंडने खाल्लं, असं दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगून पाहिलं. कुणीही हसलं नाही.

खरी परीक्षा मात्र सकाळच्या फास्ट लोकलमध्ये असते. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन, आणि नाकासमोर कुणाची तरी बॅग. अशा अवस्थेत डाव रंगात आलेला असताना खांद्यावरून एक आवाज येतो.

"काका, वजीर घ्या की."

"सापळा आहे तो."

"कसला सापळा! फुकट आहे. घ्या, घ्या."

मागून आणखी दोघं म्हणाले, घ्याच. तिघांचं मत पडल्यावर ८९० यांनी वजीर घेतला. पुढच्या खेळीला मात झाली. सल्लागार बराच वेळ पटाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "अच्छा, तुम्ही पांढरे होय? मला वाटलं काळे." घाटकोपरला तो उतरून गेला. ८८२ पुढे गेले.

सुधारणेचे उपाय त्यांनी केले नाहीत असं नाही. उलट, उपाय करण्यात त्यांचा हात धरणारा डोंबिवलीत सापडणार नाही. 'वुडपेकर मेथड' नावाचं पुस्तक आहे, २०१८ सालचं, अॅक्सेल स्मिथ आणि हान्स टिक्कानेन या दोघा स्वीडिश ग्रँडमास्टरांचं. त्यात ११२८ कोडी आहेत. ती सगळी सोडवायची, मग तीच पुन्हा कमी वेळात, मग आणखी कमी वेळात; सुतारपक्ष्याने एकाच जागी टोच मारत राहावं तसं. आपल्या सुतारपक्ष्याने तेविसाव्या कोड्यापर्यंत टोचा मारल्या आणि पुस्तकाला कव्हर घातलं. मायकेल द ला माझा नावाच्या अमेरिकन गृहस्थाने २००१ साली लेख लिहून सांगितलं होतं की नुसती कोडी सोडवून प्रौढ माणसाला चारशे दिवसांत चारशे गुण वाढवता येतात. ८८२ यांना चारशे दिवसांत चार जमले, आणि तेही एका रविवारी सकाळपुरते.

फोनवरची कोडी मात्र ते मनापासून सोडवतात, आणि तिथे त्यांचं रेटिंग १७४० आहे. हे त्यांना न सुटलेलं कोडं. कोड्यात सतराशे असलेला माणूस डावात नऊशेला का अडकतो? मुलगी दहा वर्षांची, सोसायटीजवळच्या क्लासला जाते. ती म्हणाली, "बाबा, कोड्यात काहीतरी आहे हे तुला आधीच माहीत असतं. डावात कुणी घंटा वाजवत नाही."

पाहुण्यांसमोर ते वेगळाच आकडा सांगतात. लीचेस नावाचं एक संकेतस्थळ आहे. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने ते २०१० साली सुरू केलं. संपूर्ण मोफत, जाहिरात नाही, देणग्यांवर चालतं. तिथे नव्या खेळाडूची सुरुवातच १५०० पासून होते, त्यामुळे खालच्या पातळीवरचे आकडे इतर ठिकाणांपेक्षा बरेच भरघोस दिसतात. गृहस्थ तिथे १२९० आहेत. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या सभेत ते १२९० असतात. रोज रात्री कुटले जातात ते ८८२ वेगळे. पगाराची स्लिप दोन प्रकारची ठेवावी तसं हे चाललेलं असतं, आणि मुलगी नेमकी पाहुण्यांसमोरच विचारते, "बाबा, कुठल्या साइटचं सांगतोयस?"

हरण्याची कारणं मात्र ते लागोपाठ दोनदा वापरत नाहीत. नेटवर्क, चष्मा, बोट घसरलं, जेवण जड झालं, समोरचा फिलिपिन्सचा होता. यांतलं सर्वांत आवडतं म्हणजे, समोरचा संगणक वापरून खेळत होता. आपल्याला हरवणारा माणूस असणं शक्य नाही, असा साधा युक्तिवाद. ते नियमाने तक्रार नोंदवतात. आणि एकदा, एकदाच, साइटवरून निरोप आला की तुमच्या एका प्रतिस्पर्ध्याने गैरप्रकार केल्याचं आढळलं असून तुमचे गुण परत करण्यात येत आहेत. ते स्वयंपाकघरात धावत गेले.

"अगं, आठ परत मिळाले!"

"हजार? त्या प्लंबरने दिले?"

डाव संपल्यावर चुका दाखवणारा जो प्रोग्राम असतो, त्याचं नाव स्टॉकफिश. हा जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगला खेळतो. स्टॉकफिश म्हणजे वाळवलेला कॉड मासा. एक कर्ता नॉर्वेचा, दुसरा इटलीचा. नॉर्वेत धरायचा आणि इटलीत शिजवायचा, म्हणून २००८ साली हे नाव पडलं. गृहस्थांनी ही माहिती बायकोला अभिमानाने सांगितली. तिचं माहेर मालवण. ती म्हणाली, "म्हणजे पाच वर्षं एक सुका मासा तुम्हाला अक्कल शिकवतोय, आणि तुम्ही ती घेत नाही." यात अतिशयोक्ती काहीच नव्हती. हा मासा प्रत्येक घोडचुकीपुढे लाल रंगात दोन प्रश्नचिन्हं काढतो, आणि ८८२ ती पाहतच नाहीत. ते फक्त जिंकलेल्या डावाचं विश्लेषण उघडतात. एकदा त्यांची अचूकता ९४ टक्के भरली होती. समोरच्याने पाचव्या खेळीला वजीर फुकट देऊन डाव सोडला होता, पण ९४ म्हणजे ९४. तो स्क्रीनशॉट तीन ग्रुपवर गेला.

फिशरची एक गोष्ट त्यांना फार प्रिय आहे. १९७० साली हर्सेग नोवीला जगातले मोठमोठे खेळाडू पाच-पाच मिनिटांचे डाव खेळायला जमले. फिशरने २२ पैकी १९ गुण घेतले, दुसरा आलेला ताल साडेचार गुणांनी मागे, आणि स्पर्धा संपल्यावर फिशरने म्हणे सगळ्या डावांच्या खेळ्या धडाधड म्हणून दाखवल्या. आपल्या गृहस्थांनाही जिंकलेले सगळे डाव पाठ आहेत. ते सांगायला त्यांना फार वेळ लागत नाही.

मोठ्यांचं अनुकरण करावं तर तेही अंगाशी येतं. मार्च २०२१ मध्ये मॅग्नस कार्लसन आणि हिकारू नाकामुरा यांनी एका ऑनलाइन स्पर्धेत गंमत म्हणून दुसऱ्याच खेळीला आपापले राजे एक घर पुढे काढले, इकडून तिकडे फिरवले आणि बरोबरी करून मोकळे झाले. हे पाहून आपल्या गृहस्थांनीही राजाला दुसऱ्या खेळीला घराबाहेर काढलं. कार्लसनचा राजा हवा खाऊन परत आला होता. यांचा नवव्या खेळीला गेला.

आणि २८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बातुमीला महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, दोन्ही भारतीय. मुख्य डाव बरोबरीत सुटलेले, आणि जलद डावांत नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून विश्वचषक जिंकला, त्याच दमात भारताची ८८वी ग्रँडमास्टरही झाली. वसुली विभागात त्या दुपारी एकाही थकबाकीदाराला फोन गेला नाही. गृहस्थांचा ऊर भरून आला. ऑफिसातला एक जण म्हणाला, "तुम्हीपण खेळता ना ओ?" हे वाक्य फार महागात पडलं. त्या रात्री स्फूर्तीच्या भरात ८७२ चौदा डाव खेळले आणि अकरा हरले. त्यातल्या एका डावात त्यांच्याकडे तीन वजीर होते. एका वजिरात मात होत होती, पण प्यादी शिल्लक असताना वजीर का सोडायचे? दोन वाढवले. मग इतक्या वजिरांच्या गर्दीत समोरच्या राजाला पाय ठेवायला घर उरलं नाही, शहही नव्हता, आणि पडद्यावर अक्षरं आली: बरोबरी.

रात्री एक वाजता ८०० अंधारात बसून होते. बायको पाणी प्यायला उठली.

"अगं, आनंदसुद्धा लहानपणी असाच भराभर खेळून तयार झाला," ते म्हणाले. "मद्रासच्या ताल क्लबात. नियमच होता तिथे. जिंकेल त्याने बसून राहायचं, हरेल त्याने उठून रांगेत मागे जायचं."

"हो ना," ती म्हणाली. "तुम्ही हरता आणि उठत नाही."

यानंतरचा भाग थोडा अविश्वसनीय आहे. गणपतीच्या सुट्टीत मुलीने फोन ताब्यात घेतला आणि त्या अॅपला वेळेची कुलूपबंदी घातली. पासवर्ड तिच्याकडे. दिवसाला दोन डाव, तेही दहा मिनिटांचे. दहा मिनिटांच्या डावाला साइट 'रॅपिड' म्हणते आणि फिडेच्या नियमांत दहा मिनिटांपर्यंत 'ब्लिट्झ'च असतं, हा मुद्दा त्यांनी काढून पाहिला. "ठीक आहे, मग पंधरा मिनिटांचे," असं उत्तर मिळाल्यावर मागे घेतला. प्रत्येक डावानंतर सुक्या माशाकडे जाऊन एक लाल चूक, फक्त एक, शोधायची आणि ती एका दोनशे पानी वहीत लिहायची. तिच्या क्लासच्या सरांनी तिला दिलेला अभ्यास होता तो. तिने बाबांकडून करून घेतला.

वहीची पहिली दहा पानं वाचण्यासारखी आहेत. 'उंट दिसला नाही.' 'उंट दिसला नाही.' 'उंट दिसला, पण वाटलं आपला आहे.' 'उंट.' मग हळूहळू घोडे येतात. बाविसाव्या पानावर प्रथमच असं वाक्य आहे: 'इथे मी जिंकत होतो हे मला कळलं नाही.' दसऱ्याला ते ९३० होते. नव्या प्रकारातलं रेटिंगही जुन्याच पातळीवरून निघालं होतं, त्यामुळे ही वाढ खरी होती. आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, एका ब्राझिलच्या माणसाचा हत्ती वेळेवर दिसल्यामुळे, ते १००३ झाले.

मग त्यांनी खेळणं बंद केलं.

यात विचित्र काही नाही. शिखरावर पोचलेला प्रत्येक हौशी खेळाडू हेच करतो. एक डाव हरला तर ९९५. कशाला? १००३ यांनी स्क्रीनशॉट काढला, तो डीपीला लावला, आणि बुद्धिबळाच्या जागी आयुष्य सुरू केलं. बाथरूमचा गळका नळ दुरुस्त झाला. लोकलमध्ये ते इतरांच्या खांद्यावरून डाव पाहू लागले आणि सल्ले देऊ लागले. कुणी "एक डाव होऊन जाऊ दे" म्हटलं तर "सध्या अभ्यास चाललाय" म्हणू लागले. अठरा दिवस आकडा तसाच, तुळशीवृंदावनातल्या दिव्यासारखा जपलेला.

एकोणिसाव्या दिवशी सांगलीहून त्यांचे वडील, आबा, आले. वय ८१. गृहस्थांनी मंडळाच्या दारातून वाकून पाहिलं होतं, आबा आत बसून खेळले होते. लाकडी सोंगट्या, एकेक डाव दोन-दोन संध्याकाळी. दुपारी १००३ बाजारात गेले होते. आबा फोन हातात घेऊन झोपाळ्यावर बसलेले. नातीने त्यांना उघडून दिला होता.

"आजोबा म्हणाले, मला बघू दे," ती म्हणाली.

"कितीचा लावलास?"

"दहा मिनिटांचा. तुझा नेहमीचा."

पटावर एक प्यादं पुढे गेलेलं होतं. समोरच्याने उत्तर दिलेलं होतं. आबांच्या बाजूला घड्याळात ४१ सेकंद उरले होते, आणि शेजारी चहाचा अर्धा कप.

"आबा, खेळा! वेळ चाललाय!"

"अरे थांब, बघतोय. पोरगं चांगलं खेळतंय."

"एकच खेळी झालीय त्याची!"

"तेच म्हणतोय."

घड्याळ शून्यावर आलं. पडद्यावर पराभवाची पट्टी झळकली आणि खाली आकडा बदलला. ९९५ यांनी अत्यंत शांतपणे फोन परत मागितला.

आबांनी तो दिला नाही. "संपलं म्हणजे काय? कुणाला घाई आहे?" त्यांनी चहाचा घोट घेतला आणि नातीला चष्मा पुसायला दिला. "त्याला सांग, मी शुक्रवारपर्यंत इथेच आहे."